इनसाइड, बाल्कनी की ‘गॅरंटी’? मोठ्या क्रूझ जहाजावर कुटुंबाची खोली कशी निवडावी

सिंगापूरच्या सहलीची चौकशी केली की आता त्यात दोन-तीन रात्री क्रूझवरच्या असतात. मुंबईत इंदिरा गोदीजवळच्या नव्या क्रूझ टर्मिनलचे सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेत रॉयल कॅरिबियन कंपनीचे ‘स्टार ऑफ द सीज’ हे प्रचंड जहाज प्रवासी घेऊन निघाले. त्याचे थोरले भावंड ‘आयकॉन ऑफ द सीज’ जानेवारी २०२४ पासून मायामीहून फिरते आहे. या जहाजांवरच्या घसरगुंड्या आणि पोहण्याचे तलाव मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलेत. पण एजंटाकडून दरपत्रक येते तेव्हा त्यात लिहिलेले असते: ‘इनसाइड जीटीवाय, ट्विन शेअरिंग, पोर्ट चार्जेस आणि ग्रॅच्युइटी वेगळी.’ इथे बहुतेक घरांत चर्चा थांबते आणि सगळ्यात स्वस्त आकड्यावर बोट ठेवले जाते.

आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन मुले असे सहाजण जाणार असतील तर ही घाई महागात पडते. जहाजावरची मजा सगळ्यांना सारखीच मिळते. झोप, चालणे आणि बाथरूमची सोय मात्र खोली कोणती घेतली त्यावर ठरते. म्हणून सुरुवातीपासून समजून घेऊ. उदाहरण ‘आयकॉन’चेच घेते, कारण कुटुंबांसाठीच्या सोयींचा सगळ्यात मोठा पसारा तिथे आहे.

अडीच लाख टन म्हणजे वजन नव्हे

‘आयकॉन’ २,४८,६६३ टनांचे आहे असे बातम्यांत येते. हे ग्रॉस टनेज. नावात टन असला तरी याचा वजनाशी संबंध नाही. जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचे ते माप आहे. आकडा जितका मोठा, तितकी आत जागा जास्त.

तुलनेसाठी, मुंबईहून २०२१ पासून निघू लागलेले कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे ‘एम्प्रेस’ ४८,५६३ टनांचे. टायटॅनिक सुमारे ४६ हजारांचे होते. म्हणजे ज्याला आपण मुंबईत ‘केवढे मोठे’ म्हणतो ते जहाज टायटॅनिकहून किंचित मोठे आणि ‘आयकॉन’ त्याच्या पाचपट. फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या गोदीत ‘आयकॉन’ बांधले गेले. लांबी सुमारे ३६५ मीटर, डेक म्हणजे मजले २०, खोल्या २,८०५.

एक हिशेब कुठल्याही जहाजाला लावता येतो. टनेजला प्रवाशांच्या संख्येने भागायचे. ‘आयकॉन’चे उत्तर ४४ च्या आसपास येते, ‘एम्प्रेस’चे ३० च्या आसपास. हा आकडा जेवढा वाढतो तेवढी माणशी मोकळी जागा जास्त, निदान कागदावर तरी. जहाज मोठे म्हणजे गर्दी जास्त, हे समीकरण त्यामुळे नेहमी बरोबर ठरत नाही.

जहाज रुंद झाले आणि खिडक्या कमी पडल्या

खोल्यांचे इतके प्रकार का, याचे उत्तर रुंदीत आहे. अरुंद जहाजात दोन्ही कडांना खोल्या आणि मधे वाट, एवढ्यात भागत असे. ‘आयकॉन’ पाण्याच्या पातळीला सुमारे ४८ मीटर रुंद आहे. कडेच्या खोल्यांना समुद्र मिळतो, मधे उरलेल्या जागेत नुसता अंधार.

यावरचा तोडगा २००९ साली ‘ओएसिस ऑफ द सीज’ने काढला. जहाजाचा वरचा भाग मधोमध दुभंगून उघडा ठेवला आणि खोल्यांच्या दोन समांतर इमारती उभ्या केल्या. आपल्या जुन्या वाड्यांत मधे चौक असे आणि आतल्या खोल्यांना उजेड-वारा तिकडून येई. नेमके तेच. ‘आयकॉन’वर या मधल्या चौकात ‘सेंट्रल पार्क’ नावाची हजारो खऱ्या झाडांची बाग आहे आणि मागच्या टोकाला लहान मुलांसाठीचे ‘सर्फसाइड’. चौकाकडे तोंड असलेल्या खोल्या समुद्र दाखवत नाहीत, पण खिडकी किंवा बाल्कनी देतात आणि समुद्राकडच्या बाल्कनीपेक्षा बहुधा स्वस्त पडतात.

एवढे कळले की दरपत्रकातले शब्द आपोआप सुटतात.

इनसाइड, ओशन व्ह्यू, बाल्कनी, स्वीट

‘इनसाइड’ म्हणजे खिडकी नसलेली आतली खोली. साधारण दीडशे चौरस फुटांची. दिवा मालवला की दुपारी दोनलाही मिट्ट काळोख. झोपेच्या दृष्टीने हे उत्तम, पण अंधाराला घाबरणारे मूल असेल तर रात्रीचा छोटा दिवा सोबत न्या. काही जहाजांवर अशा खोलीत जमिनीपासून छतापर्यंत पडदा लावून बाहेरच्या कॅमेऱ्याचे थेट दृश्य दाखवतात.

‘ओशन व्ह्यू’मध्ये खिडकी असते, पण ती उघडत नाही. ‘बाल्कनी’ म्हणजे काय हे सांगायला नको, पण नव्या जहाजांवर तिचा ‘इन्फिनिट बाल्कनी’ हा प्रकार निघाला आहे. त्यात बाहेर वेगळा सज्जा नसतो. खोलीच समुद्रापर्यंत जाते आणि बटण दाबले की काचेचा वरचा भाग खाली सरकतो. जागा वाढल्यासारखी वाटते, पण उघड्यावर बसण्याचा आनंद थोडा उणा होतो. ज्यांना पहाटे चहा घेऊन समुद्रासमोर बसायचे आहे त्यांनी जुन्या पद्धतीचीच बाल्कनी मागावी.

‘स्वीट’ची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते. ‘आयकॉन’वरचे तीन मजली ‘अल्टिमेट फॅमिली टाउनहाउस’ सुमारे १,७७२ चौरस फुटांचे आहे. त्यात वरून खाली यायला घरातच घसरगुंडी आहे. जाहिरातीत तेच दिसते आणि आपल्याला मिळणाऱ्या खोलीशी त्याचा काही संबंध नसतो.

‘जीटीवाय’ म्हणजे गॅरंटी. आपण फक्त प्रकार ठरवायचा, खोली कंपनी ठरवणार. दर कमी असतो तो याचमुळे. तरुण जोडप्याने खुशाल घ्यावी. दोन खोल्या शेजारी-शेजारी हव्या असतील किंवा सोबत वयस्कर माणसे असतील तर घेऊ नये. एक खोली सहाव्या डेकवर पुढे आणि दुसरी अकराव्यावर मागे आली तर आजीचे गुडघे आठवडाभर बोलतील.

दोघांची खोली चौघांना

‘आयकॉन’ची क्षमता कुठे ५,६१० तर कुठे ७,६०० दिलेली असते. दोन्ही बरोबर आहेत. पहिला आकडा प्रत्येक खोलीत दोघे धरून, दुसरा जास्तीचे सगळे पलंग भरले तर. दर ‘ट्विन शेअरिंग’ने सांगतात, म्हणजे दोघे राहतील असे धरून माणशी. तिसऱ्या-चौथ्याला बहुधा सवलत असते. एकट्याने खोली घेतली तर मात्र जवळपास दोघांचे भाडे भरावे लागू शकते.

तिसरे आणि चौथे माणूस झोपते कुठे? सोफा उघडून पलंग होतो किंवा रेल्वेच्या वरच्या बर्थसारखा पलंग भिंतीतून वा छतातून खाली येतो, शिडीसकट. तो उघडला की खालच्या पलंगावर झटकन उठून बसता येत नाही. लहान मुलांना वर झोपवू नये, आणि आजोबांना तर नाहीच. चौघांची बॅग, चौघांचे कपडे आणि एकच बाथरूम, हे चित्र डोळ्यांसमोर आणूनच खोली ठरवा. ‘आयकॉन’वर काही ‘फॅमिली’ खोल्यांत मुलांच्या बंकसाठी वेगळा कोपरा आहे आणि बाथरूमचे दोन भाग केले आहेत, एकात शॉवर तर दुसऱ्यात टॉयलेट. ही दोन भागांची कल्पना डिस्नेच्या जहाजांवर आधीपासून आहे. माझ्या मते कुटुंबासाठी ती बाल्कनीपेक्षा मोलाची. सकाळी नऊला बंदरावर उतरायचे असते तेव्हा ते पटते.

सहाजण असाल तर दोन ‘कनेक्टिंग’ खोल्या विचारा, म्हणजे मधे दार असलेल्या. नुसत्या शेजारच्या खोलीला ‘ॲडजेसंट’ म्हणतात. तिथे मधे दार नसते. दरपत्रकात हा फरक लिहून घ्या.

खोलीबद्दल आणखी थोडे. या खोल्या कारखान्यात सुट्या पेटीसारख्या पूर्ण तयार होतात, बाथरूम बसवून, आणि मग जहाजात सरकवतात. भिंती बहुतेक पोलादी पत्र्याच्या असतात, त्यामुळे त्यांना चुंबक चिकटते. चुंबकाचे चार-पाच हूक नेले तर टोप्या, ओले पोहण्याचे कपडे, ओळखपत्राच्या दोऱ्या सगळे भिंतीवर लटकते आणि जमीन मोकळी राहते. सुटकेस पलंगाखाली जाते. इस्त्री नेता येत नाही, कारण जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी. पाण्याची किटली आणि सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्डही बऱ्याच कंपन्या काढून ठेवतात.

खोलीच्या डोक्यावर काय आहे?

नकाशा पाहताना सगळे जण आपली खोली शोधतात. तिच्या वरचा आणि खालचा डेकही पाहा. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या सरकवण्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह किंवा नाचाची जागा असेल तर रात्री बारापर्यंत ढोल ऐकू येतो. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर शांतता.

दुसरी गोष्ट लिफ्टची. ३६५ मीटर लांबीच्या जहाजात शेवटच्या टोकाची खोली म्हणजे प्रत्येक जेवणाला लांबची पायपीट. वयस्कर माणसांसाठी लिफ्टपासून जवळ, पण अगदी समोर नाही, अशी खोली घ्यावी. व्हीलचेअर लागत असेल तर रुंद दाराच्या, उंबरा नसलेल्या खास खोल्या असतात. त्या थोड्याच असतात आणि लवकर संपतात.

समुद्र लागण्याची भीती असणाऱ्यांनी खालचा डेक आणि जहाजाचा मध्य धरावा. डोलणे तिथे सर्वांत कमी. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी स्थिरक पाती असतात आणि ती आडवे डोलणे बरेच कमी करतात. तरीही समुद्र खवळला की हालचाल जाणवतेच.

मुले दिवसभर कुठे असतात?

‘आयकॉन’चे आठ भाग केले आहेत आणि त्यामागचा विचार सरळ आहे: वेगवेगळ्या वयाच्या माणसांना एकमेकांचा त्रास होऊ नये. ‘थ्रिल आयलंड’वर सहा मोठ्या घसरगुंड्या आहेत, मोठ्या मुलांसाठी. ‘हाइडअवे’ फक्त प्रौढांसाठी. पुढच्या टोकाला ‘ॲक्वाडोम’, ३६३ टनांचा काच-पोलादाचा घुमट. आणि सातव्या डेकवर ‘सर्फसाइड’, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून आखलेले. तिथे मुलांचे पाणी-खेळ, मेरी-गो-राउंड, खाणे आणि आई-वडिलांना बसायला जागा हे सगळे एकाच ठिकाणी असते. ओले मूल उचलून पाच मजले फिरावे लागत नाही. माझ्या मते जहाजाच्या आखणीतला सर्वांत शहाणा निर्णय तो.

तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठीचा क्लब भाड्यातच येतो. रात्री उशिरा मुले ठेवायची असतील तर तासाप्रमाणे पैसे. तीनपेक्षा लहान मुलांचे पाळणाघर वेगळे आणि तेही पैसे देऊन. लहान मुलांच्या मनगटावर पट्टी बांधतात आणि आणीबाणीत त्यांना कोणत्या ठिकाणी न्यायचे ते तिच्यावर असते. ती काढू नये.

दोन नियम आधीच माहीत हवेत. रॉयल कॅरिबियनच्या बहुतेक सफरींवर सहा महिन्यांपेक्षा लहान बाळ घेत नाहीत, आणि महासागर ओलांडणाऱ्या लांबच्या सफरींना किमान एक वर्षाची अट असते. दुसरे म्हणजे डायपर घालणाऱ्या मुलाला मुख्य तलावात उतरवता येत नाही, पोहण्याचा खास डायपर असला तरीही. त्यांच्यासाठी वेगळी जागा असते आणि ती तुमच्या जहाजावर आहे का हे विचारून घ्यावे.

‘सगळे समाविष्ट’ यात काय येत नाही?

खोली, मुख्य भोजनगृह, बुफे, तलाव, घसरगुंड्या, नाटक-नृत्याचे कार्यक्रम हे भाड्यात. मद्य, शीतपेये, निवडक रेस्टॉरंटे, वायफाय, स्पा, फोटो आणि बंदरावरच्या सहली हे बाहेर. शाकाहारी जेवण सहज मिळते. जैन पद्धतीचे हवे असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवावे. रात्रीच्या जेवणाची पहिली पाळी आपल्या मानाने फार लवकर असते, तेव्हा उशिराची किंवा हव्या त्या वेळेची पाळी मागावी.

फोनचे मात्र नीट ऐका. जहाजाला स्वतःचे मोबाइल नेटवर्क असते आणि ते उपग्रहावरून चालते. आपला फोन त्याला आपोआप जोडला गेला तर रोमिंगचे बिल हजारोंनी येते. जहाज सुटताच एअरप्लेन मोड, मग लागेल तर वायफाय. तिकडून व्हॉट्सॲप चालते.

“एवढे उंच जहाज कलंडणार नाही?”

बंदरात उभे जहाज पाहिले की हा प्रश्न येतोच, कारण वीस मजल्यांच्या या पसाऱ्याचा फक्त नऊ मीटरच्या आसपास भाग पाण्याखाली असतो. पण इंजिने, इंधन, पाण्याच्या टाक्या हे सगळे जड सामान तळाशी असते आणि वरचे मजले तुलनेने हलके. त्यात जहाजाची रुंदी. कलले की रुंद तळाच्या त्या बाजूला पाण्याचा जोर वाढतो आणि तो जहाजाला परत सरळ करतो.

खरा धोका अपघातानंतरच्या गोंधळाचा. १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि ३२ जण गेले. काही प्रवासी त्याच दिवशी चढले होते आणि त्यांची सुरक्षा कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी करावी लागते. तिला ‘मस्टर’ म्हणतात. आता बराचसा भाग कंपनीच्या ॲपवरच्या व्हिडिओत असतो, पण आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावावीच लागते. जाताना मुलांना वाट दाखवत न्या.

एका न जुळणाऱ्या गोष्टीचा उलगडाही इथेच होतो. कधी कधी खोलीत चार पलंग असूनही कंपनी चौघांचे बुकिंग नाकारते. जहाजाच्या त्या भागासाठीच्या जीवनरक्षक नौकांतल्या जागा भरलेल्या असतात म्हणून.

“सगळे जहाज आजारी पडते म्हणे”

उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस बंद जागेत झपाट्याने पसरतो हे खरे. अमेरिकेत जाणाऱ्या जहाजांची तपासणी तिथली सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था करते, १९७० च्या दशकापासून. शंभरपैकी ८५ किंवा कमी गुण म्हणजे नापास, आणि हे गुण कुणालाही पाहता येतात. आपल्या हातातला उपाय साबणाचा. हाताला लावायचे सॅनिटायझर या विषाणूवर फारसे चालत नाही, म्हणून बुफेच्या दाराशी नळ दिसला की हात धुवा. जहाजावर डॉक्टर असतात, पण उपचार फुकट नसतात. वयस्कर माणसांचा प्रवास विमा जहाजावरचे उपचार आणि तिथून हलवण्याचा खर्च धरून घ्यावा.

“पण प्रदूषणाचे काय?”

हा आक्षेप मला रास्त वाटतो. ‘आयकॉन’ एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालते. त्याने धुरातले गंधक जवळजवळ संपते आणि कार्बन डायऑक्साइडही कमी होतो. पण हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि त्यातला काही न जळताच इंजिनातून निसटतो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. आयसीसीटी या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत या प्रकारच्या इंजिनांतली गळती सरासरी ६.४ टक्के निघाली, नियमांत गृहीत धरलेल्या प्रमाणाच्या जवळपास दुप्पट. तेव्हा ‘स्वच्छ इंधनाचे जहाज’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे बंदरात उतरल्यावर गर्दीने गुदमरणाऱ्या गावांना विचारावे.

“टीप सक्तीची का?”

ग्रॅच्युइटी म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी दर माणशी, दर दिवशी लागणारी रक्कम. ‘आयकॉन’च्या कंपनीने नोव्हेंबर २०२३ पासून ती साध्या खोल्यांना १८ डॉलर केली. मुलांनाही ती लागते. त्या दराने चौघांचे सात दिवस म्हणजे ५०४ डॉलर. बजेट करताना हे विसरले की शेवटच्या रात्री धक्का बसतो.

‘आयकॉन’वर सुमारे २,३५० कर्मचारी आहेत. जगभरच्या क्रूझ जहाजांवर स्वयंपाकघरात, भोजनगृहात आणि खोल्यांच्या सफाईत गोव्याची, कोकणची, मुंबईची माणसे मोठ्या संख्येने आहेत. गोव्यात ‘तारवटी’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, तो जहाजावर नोकरी करणाऱ्यासाठीच. त्यांचा करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि त्या काळात साप्ताहिक सुट्टी नसते. भारताने २०१५ मध्ये मान्य केलेल्या सागरी कामगार करारात चोवीस तासांत दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांतीचा निकष आहे. म्हणजे आठवड्याला नव्वद तास काम नियमात बसू शकते.

ग्राहक कक्षात जाऊन ही रक्कम बिलातून कमी करून घेता येते आणि काही प्रवासी तसे करतात. करू नका. तुमची खोली आवरणाऱ्याच्या घरी म्हापशात किंवा वेंगुर्ल्यात जे पैसे पोचतात, त्यात हेही असतात.